सोलापुरातून नौदलात जाताना: भरतीपासून पहिल्या जहाजापर्यंत

नौदलात निवड झालेल्या पोराचा फ्लेक्स चौकात लागतो, तेव्हा मागे विमानवाहू जहाज असतं, वर एक विमान झेपावत असतं आणि पुढे पांढऱ्या गणवेशात आपला पोरगा. पहिलं वर्षभर त्याच्या हातात खरं काय असतं, ते फ्लेक्सवर येत नाही. गंज ठोकून काढायची चिपिंग हॅमर, रंगाचा ब्रश, पितळ पुसायचं फडकं आणि रात्री बारा ते पहाटे चारची ड्युटी. हे काम कमीपणाचं नाही. पण ते माहीत नसताना गेलेला पोरगा पहिल्या सहा महिन्यांत खचतो आणि माहीत असलेला टिकतो, हे मी नोकरीत सतत पाहिलं. निवृत्त होऊन सोलापुरात आल्यापासून पोरं-पोरी आणि त्यांचे आईवडील विचारायला येतात. त्यांना जे सांगतो, तेच इथे क्रमाने लिहितो.

पायरी १: नक्की कुठे जायचंय ते ठरवा

"नेव्हीत लागला" म्हणताना आपल्याकडे तीन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरतात. भारतीय नौदल हे संरक्षण दल आहे, युद्धनौका आणि पाणबुड्या त्यांच्याकडे. तटरक्षक दलही संरक्षण मंत्रालयाच्याच अखत्यारीत, पण वेगळं. किनाऱ्याची राखण, तस्करीला आळा, समुद्रात अडकलेल्यांची सुटका ही त्यांची कामं, आणि भरतीही वेगळी. मर्चंट नेव्ही म्हणजे मालवाहू जहाजांवरची खासगी नोकरी. तिथे पगार चांगला असू शकतो, पण ते सैन्य नव्हे. "नेव्हीत लावतो, तीन लाख द्या" म्हणणारा एजंट बहुधा याच तिसऱ्या दाराशी उभा असतो, आणि त्या दारामागे पुष्कळदा काहीच नसतं. नौदलाच्या भरतीत अर्जाच्या शुल्काखेरीज कुणालाही एक रुपया द्यायचा नसतो. जो मागेल त्याचा नंबर ब्लॉक करा.

नौदलात आता खलाशी म्हणून शिरायचा मुख्य रस्ता अग्निवीरचा, म्हणजे चार वर्षांच्या नोकरीचा. त्यात दोन वाटा. एसएसआरसाठी (सीनियर सेकंडरी रिक्रूट) बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र हवं, एकूण ५० टक्के गुण हवेत. ठरावीक शाखांचा तीन वर्षांचा इंजिनिअरिंग डिप्लोमाही चालतो. एमआरसाठी (मॅट्रिक रिक्रूट) दहावी ५० टक्क्यांनी पास. एसएसआरवाले तोफा, यंत्रं, वीज, संदेशवहन, भांडार अशा कामांवर जातात. एमआरवाले स्वयंपाक, वाढप आणि स्वच्छता सांभाळतात. वय साधारण साडेसतरा ते एकवीस, आणि अविवाहित असणं सक्तीचं. मुलींनाही दोन्ही वाटा खुल्या आहेत.

एमआरबद्दल जरा स्पष्ट बोलतो. "नेव्हीत जातोय" एवढंच घरी सांगून गेलेल्या पोराला चिल्क्याच्या प्रशिक्षण तळावर कळतं की आपण आचारी होणार आहोत, आणि मग तो लाजेने घरी फोनच करत नाही. लाजायचं कारण नाही, पण फॉर्म भरायच्या आधी कळायला हवं. आणि पदवी करायची ऐपत आणि इच्छा असेल, तर अधिकाऱ्याच्या परीक्षांचा विचार आधी करा. त्या मुलाखतीसाठी नाशिकला राज्य सरकारचं छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे. माहितीसाठी आपल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. तिथे बसलेली माणसं स्वतः फौजेतली असतात, विचारलं की मनापासून सांगतात. पोरं विचारायलाच जात नाहीत.

पायरी २: पैशाचा हिशेब घरी मांडा

अग्निवीरचं मासिक पॅकेज पहिल्या वर्षी ३०,००० रुपये, दुसऱ्या वर्षी ३३,०००, तिसऱ्या वर्षी ३६,५०० आणि चौथ्या वर्षी ४०,०००. यातले ३० टक्के सेवा निधीत कापून जातात, म्हणजे पहिल्या वर्षी हातात २१,००० येतात. जेवढे कापले तेवढेच सरकार घालतं, आणि चार वर्षांनी साधारण दहा लाख व त्यावरचं व्याज मिळतं. सेवाकाळात ४८ लाखांचा विमा असतो, त्याचा हप्ता आपल्याला पडत नाही. वर्षाला ३० दिवस रजा.

पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. चार वर्षांनी फार तर २५ टक्के पोरं कायम होतात. हे वाक्य आईवडिलांसमोर मोठ्याने वाचा. नोकरी कायमची आहे असं समजून कुणी पहिल्याच वर्षी ट्रॅक्टरचं किंवा घराचं कर्ज काढलं, की पुढचा ताण त्या पोराच्या डोक्यावर येतो, आणि समुद्रात त्याचा काही उपाय करता येत नाही.

पायरी ३: कागद

यात वेळ फार जातो आणि लिहिण्यासारखं थोडं आहे. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, रहिवासी दाखला, लागू असेल तर जातीचा दाखला, आधार, पॅन, स्वतःच्या नावाचं बँक खातं. सगळ्यांवर नावाचं आणि वडिलांच्या नावाचं स्पेलिंग एकच हवं. पूर्व भागातल्या तेलुगू आडनावांची आणि अक्कलकोट, मंगळवेढ्याकडच्या कानडी आडनावांची स्पेलिंगं शाळेच्या दाखल्यावर एक आणि आधारवर दुसरी असं हमखास असतं. भरतीची जाहिरात यायच्या आधीच सेतू केंद्रात जाऊन ते नीट करून घ्या. जाहिरात निघाल्यावर तिथे रांग आणि सर्व्हर दोन्ही तुमच्या विरोधात असतात.

अर्ज फक्त नौदलाच्या अधिकृत भरती संकेतस्थळावर, ऑनलाइन. त्यानंतर संगणकावरची आयनेट परीक्षा. एसएसआरला इंग्रजी, विज्ञान, गणित आणि सामान्यज्ञान असतं, आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण कापतात. आपली पोरं गणितात मार खात नाहीत, इंग्रजीत खातात. क्लास लावायचा असेल तर इंग्रजीचा लावा.

पायरी ४: पळा, पोहा, कान साफ करा

मुलांना १.६ किलोमीटर साडेसहा मिनिटांत, मुलींना आठ मिनिटांत. शिवाय उठाबशा, पुश-अप, सिट-अप; त्यांचे आकडे चालू जाहिरातीत बघा, कारण ते मधूनमधून बदललेत. पोलीस भरतीच्या मुलांचंही धावणं १६०० मीटरचंच असतं, त्यामुळे पहाटे होम मैदानावर किंवा नॉर्थकोटवर सोबती मिळतात. एकट्याने मोबाइलवर वेळ लावून पळण्यापेक्षा त्यांच्यामागे पळा. सोलापूरच्या उन्हाळ्यात सूर्य वर आल्यावर पळायचं नाही. त्यात मर्दुमकी नाही, नुसती उष्माघाताची तयारी आहे.

पोहणं निवडीच्या चाचणीत नसतं, म्हणून सगळे ते सोडून देतात. प्रशिक्षणात ते अटळ आहे. चिल्क्यात पाण्यात उतरवतातच, आणि ज्याला येत नाही त्याचे संध्याकाळचे मोकळे तास तलावात जातात. महापालिकेच्या तलावात एक उन्हाळा घालवलात तर तिथले कितीतरी त्रास वाचतील. गावाकडे विहिरीत शिकायचं तर पोहता येणारं मोठं माणूस काठावर हवं. उजनीच्या पाण्यात "ट्राय" करायला जाऊ नका.

वैद्यकीय तपासणीला जाण्याआधी कानातला मळ डॉक्टरकडून काढून घ्या आणि दातांवरचं कीटण साफ करून घ्या. ऐकायला साधं वाटतं, पण नौदलाच्या सूचनांमध्येच हे लिहिलेलं असतं, आणि तरी दर वेळी पोरं मळ घेऊन जातात. टॅटूला हाताच्या आतल्या बाजूला, कोपरापासून मनगटापर्यंत, आणि हाताच्या पंजाच्या पाठीवर परवानगी आहे. छातीवर किंवा दंडावर काही गोंदवायचं मनात असेल तर थांबा. डोळ्यांची, विशेषतः रंग ओळखण्याची तपासणी आधी खासगीत करून घ्या. लाल-हिरवा नीट दिसत नसेल तर तो दोष सरावाने जात नाही, आणि समुद्रात दिव्यांचे हेच दोन रंग जीव वाचवतात.

पायरी ५: एकदा जहाज डोळ्यांनी बघून या

समुद्र आपल्यापासून लांब. निवड होईपर्यंत समुद्र न पाहिलेली पोरं मला भेटली आहेत, आणि त्यात काही बिघडत नाही. तरी जमलं तर कोणार्क एक्सप्रेसने विशाखापट्टणमला जाऊन या. तिथल्या किनाऱ्यावर 'कुरसुरा' ही निवृत्त पाणबुडी २००२ पासून संग्रहालय म्हणून उभी आहे. आत शिरा. झोपायच्या बंकची रुंदी बघा, दोन बंकांमधलं अंतर बघा, स्वयंपाकाची जागा बघा. इतक्या जागेत आपण आठवडे काढू का, हे तिथे उभं राहिल्यावर दहा मिनिटांत कळतं. मुंबईत डिसेंबरच्या नौदल सप्ताहाच्या सुमारास कधी कधी जहाजं लोकांना दाखवतात. त्याच्या तारखा वर्तमानपत्रात येतात.

पायरी ६: चिल्का

ओडिशातल्या चिल्का सरोवराच्या काठी आयएनएस चिल्का आहे. खलाशांचं मूळ प्रशिक्षण तिथे होतं, अग्निवीरांचं साधारण चार महिने. आपल्याला सोयीचं म्हणजे कोणार्क एक्सप्रेस सोलापुरातून थेट त्याच भागात जाते. कुठल्या स्टेशनवर उतरायचं ते कॉल लेटरमध्ये असतं. अग्निवीरांची पहिली तुकडी २८ मार्च २०२३ रोजी तिथून बाहेर पडली. ते संचलन सूर्यास्तानंतर झालं, आणि त्या तुकडीत अडीचशेहून जास्त मुली होत्या.

चिल्क्यात काय होतं ते यूट्यूबवर भरपूर आहे. पहाटे उठणं, पीटी, परेड, वर्ग, पोहणं, पुन्हा परेड. मी दोनच गोष्टी सांगतो. पहिली, कपडे धुणं, इस्त्री, बूट पॉलिश आणि बटण लावणं घरून शिकून जा. आईने आजवर हे सगळं केलेलं असेल तर महिनाभर आधी तिच्या हातून काढून घ्या. दुसरी गोष्ट भाषेची. हिंदी चालते, हुकूम इंग्रजीत असतात. पण सोलापूरच्या पोराला एक फायदा असतो, त्याची त्याला जाणीव नसते. मराठी, तेलुगू, कानडी, उर्दू कानावर पडतच आपण वाढतो. मेसमध्ये श्रीकाकुळमचा पोरगा घरच्या आठवणीने गप्प बसलेला असतो, आणि अशोक चौकात शिकलेल्या मोडक्या तेलुगूत कुणी "तिन्नावा?" म्हणजे "जेवलास का?" विचारलं की त्या दोघांची मैत्री चार वर्षं टिकते.

चिल्क्यानंतर आपापल्या कामाचं शिक्षण. यंत्रवाले लोणावळ्याला आयएनएस शिवाजीवर, वीजवाले जामनगरला आयएनएस वालसुरावर, तोफखान्याचे कोचीला आयएनएस द्रोणाचार्यवर. जमिनीवरच्या तळांनाही 'आयएनएस' लावतात. त्यामुळे पोरगा लोणावळ्यात असताना "जहाजावर आहे" असं शेजारी सांगतात, ते चालवून घ्या.

पायरी ७: जहाजावरचे पहिले दिवस

गँगवेवरून, म्हणजे धक्क्यावरून जहाजावर जायच्या फळीवरून, चढताना जहाजाच्या मागच्या भागाकडे, जिथे ध्वज असतो, तिकडे सलाम करायचा. बंदरात सकाळी आठला ध्वज चढतो. शिट्टीचा एक लांब सूर येतो, त्याला 'स्टिल' म्हणतात. जिथे असाल तिथे सरळ उभं राहायचं, हातात बादली असली तर खाली ठेवायची. 'कॅरी ऑन' वाजलं की पुन्हा काम. सूर्यास्ताला ध्वज उतरतो, तेव्हाही तसंच.

आत शिरल्यावर पहिल्या आठवड्यात नडग्या फुटतात. प्रत्येक दाराला खाली उंच लोखंडी उंबरा असतो, आणि तिथे पाय उचलून चालायची सवय लागायला वेळ लागतो. शिडीवरून उतरताना तोंड शिडीकडे ठेवा. एक हात कायम कठड्यावर. ताणलेल्या दोराच्या रेषेत कधीही उभं राहू नका, आणि जमिनीवर पडलेल्या दोराच्या वेटोळ्यात पाय ठेवू नका. जाड दोर तुटून उलटा आला तर पाय मोडतो, माणूस जातोही. जुना पेटी ऑफिसर याच एका कारणासाठी तुम्हाला सगळ्यांसमोर शिव्या देईल. त्या ऐकून घ्या.

दारं आणि झडपांवर अक्षरं लिहिलेली असतात. कुठलं दार कधी बंद पाहिजे ते त्यावरून कळतं. पाणी शिरलं तर ते एका कप्प्यात अडावं, यासाठी ही सगळी व्यवस्था. "दोन मिनिटांत येतो" म्हणून बंद दार उघडं ठेवून जाणं हा तिथे गुन्हा आहे. आगीचंही तसंच. जहाजावर अग्निशमन दलाला फोन करता येत नाही, त्यामुळे आचाऱ्यापासून तंत्रज्ञापर्यंत प्रत्येकाला आग विझवता आली पाहिजे. सराव रोजचा, आणि तो हमखास तुम्ही झोपल्यावर लागतो.

आणि मग गंज. खाऱ्या हवेत लोखंड रातोरात लालसर पडतं. डेकवर नव्या पोरांना पहिलं काम हेच मिळतं. चिपिंग हॅमरने फोड आलेला रंग ठोकून काढायचा, तारेच्या ब्रशने घासून खालचं धातू चकचकीत दिसेपर्यंत जायचं, कडा उतरत्या करायच्या, गोड्या पाण्याने मीठ धुवायचं, कोरडं करायचं आणि त्याच दिवशी प्रायमर लावायचा. उद्यावर ठेवलं की पुन्हा गंज. आळशी पोरगा वरवर खरवडून रंग फासतो. दोन दिवस छान दिसतं, पंधरवड्यात पुन्हा फोड येतो, आणि तो तुकडा कुणी केला होता ते चीफला बरोबर आठवतं. चांगलं केलेलं मात्र कुणी शाबासकी देऊन सांगत नाही. पुढच्या वेळी जास्त अवघड जागा देतात, तीच शाबासकी.

हुद्दे असे: सीमन टू, सीमन वन, लीडिंग, पेटी ऑफिसर, चीफ पेटी ऑफिसर, मास्टर चीफ. अडचण आली की आधी आपल्या लीडिंगला सांगायचं, मग पेटी ऑफिसर, मग डिव्हिजनल ऑफिसर, म्हणजे तुमच्या तुकडीचा अधिकारी. घरचं आजारपण, कर्ज, मनाची घालमेल, सगळं डिव्हिजनल ऑफिसरला सांगता येतं. ते ऐकणं त्याच्या कामाचाच भाग आहे. पोरं सांगत नाहीत आणि न सांगता रजा वाढवतात. तिथून प्रकरण शिस्तभंगात जातं.

पायरी ८: वॉच

समुद्रात दिवस-रात्रीचे तुकडे पाडतात, प्रत्येक तुकडा चार तासांचा. त्या पाळीला वॉच म्हणतात. संध्याकाळी चार ते आठचे मात्र दोन-दोन तासांचे दोन केलेले असतात, त्यांना डॉग वॉच म्हणतात. त्यामुळे दिवसात सहाऐवजी सात पाळ्या होतात आणि कुणा एकाच्या नशिबी रोज बारा ते चार येत नाही, चक्र पुढे सरकत राहतं.

ज्यांचे वडील किंवा चुलते यंत्रमागावर आहेत, त्यांना हे जीवन लवकर पचतं. रात्रपाळी, कानठळ्या बसवणारा आवाज, बोलणं ओठांवरून ओळखणं आणि पाळी बदलताना चालू माग दुसऱ्याच्या हाती सोपवणं, हे त्यांनी घरी पाहिलेलं असतं. इंजिनरूमही अशीच. कानावर मफ, समोर मापकांची रांग, आणि दर तासाला तेलाचा दाब, तापमान, पाणी वहीत लिहायचं. न बघता मागच्या तासाचे आकडे उतरवले तर बहुतेक वेळा काहीच होत नाही. ज्या रात्री होतं, त्या रात्री जहाज थांबतं.

डेकवरच्या पोराला रात्री टेहळणी मिळते. अंधाराला डोळे सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, म्हणून वेळेच्या बऱ्याच आधी वर जायचं आणि वाटेत मोबाइल बघायचा नाही. ब्रिजवर, म्हणजे जहाज जिथून चालवतात तिथे, उजेड लाल आणि मंद असतो. जहाजाची डावी बाजू 'रेड', उजवी 'ग्रीन', आणि नाकासमोरून किती अंशांवर काय दिसलं ते ओरडून सांगायचं: "रेड फोर फाइव्ह, एक दिवा." आपल्या किनाऱ्याजवळ मच्छीमार होड्या पुष्कळ, आणि सगळ्यांवर दिवा असतोच असं नाही. काळ्या पाण्यावर त्याहून जरा काळा ठिपका दिसला आणि तुम्ही तो वेळेवर सांगितलात, तर जहाज थोडं वळतं आणि ती होडी तिच्या वाटेने जाते. होडीतल्या माणसांना काही कळतही नाही. खाली झोपलेल्या तीनशे जणांनाही नाही.

वॉचला उशिरा येणं हे सगळ्यात मोठं पाप. तुम्ही उशीर केलात की दुसरा माणूस तुमच्या वाट्याचा उभा असतो. हुशारी, ताकद, इंग्रजी या सगळ्याआधी जहाज तुम्हाला यावर तोलतं.

समुद्र लागणं जवळजवळ सगळ्यांना होतं. पावसाळ्यात अरबी समुद्रात जुने चीफही बादली जवळ ठेवतात. पोट रिकामं ठेवू नका, कोरडं काहीतरी खा, पाणी पीत राहा, क्षितिजाकडे बघा आणि काम सोडून झोपू नका. दोन-तीन दिवसांत शरीर वळणावर येतं.

पायरी ९: जेवण आणि मेस

जेवण पोटभर आणि चांगलं असतं, फक्त आपलं नसतं. भात आणि चपाती मिळेल, ज्वारीची कडक भाकरी नाही. रजेवरून परतताना शेंगाचटणी घट्ट डब्यात भरून न्या. ती महिनाभर पुरेल असं समजू नका. मेसमध्ये डबा एकदा उघडला की तो सगळ्यांचा. भाकरीही न्या, ती टिकते, आणि पंजाबची पोरं ती पापडासारखी कराकरा खातात.

आचाऱ्याला कमी लेखू नका. १९४६ च्या फेब्रुवारीत मुंबईत 'तलवार' या किनाऱ्यावरच्या नौदल तळावर नाविकांचा उठाव झाला. त्याच्या तात्कालिक कारणांत निकृष्ट जेवण आणि अपमानाची वागणूक ही होती, आणि बघता बघता तो जहाजांवर आणि इतर बंदरांत पसरला. तेव्हापासून जहाजावरच्या ताटाला राजकारणाइतकं महत्त्व आहे, असं मी नव्या पोरांना अर्धं गमतीत सांगतो. जहाज तीस अंश कलत असताना उकळत्या वरणाचं पातेलं सांभाळणारा पोरगा एमआरचा असतो.

गोडं पाणी मोजून. अंघोळ म्हणजे अंग ओलं करा, नळ बंद, साबण, नळ चालू, झालं. दुष्काळात टँकर बघितलेल्या पोरांना हे शिकवावं लागत नाही.

पायरी १०: घरच्यांसाठी

जहाज कुठे आहे, कधी निघणार, कधी येणार, हे पोराला विचारू नका आणि त्याने चुकून सांगितलं तर कुणाला सांगू नका. फेसबुकवर ओळख काढून माहिती उकळल्याच्या प्रकरणांत डिसेंबर २०१९ मध्ये नौदलाच्या काही जणांना अटक झाली. त्यानंतर तळांवर आणि जहाजांवर स्मार्टफोन आणि फेसबुकवर बंदी आली. म्हणून फोन आठवडाभर लागला नाही तर घाबरू नका. फ्लेक्स लावायचाच असेल तर लावा, पण त्यावर जहाजाचं नाव आणि सेवा क्रमांक छापू नका. आम्हाला कौतुक, आणि कुणाला तरी आयती माहिती.

गर्व कशाचा, हे विचारतात म्हणून

ध्वजाचा असतो. २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीत 'विक्रांत' हे विमानवाहू जहाज नौदलात दाखल झालं, त्याच कार्यक्रमात नव्या ध्वजाचं अनावरण झालं. जुना इंग्रजी क्रॉस गेला आणि शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला, खाली 'शं नो वरुणः' हे नौदलाचं ब्रीदवाक्य. महाराष्ट्रातल्या पोराला तो बघताना छाती फुगते, फुगावीच. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री 'निपात', 'निर्घात' आणि 'वीर' या लहानशा क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला केला, म्हणून तो नौदल दिन. पाचच दिवसांनी दीवजवळ 'खुकरी' बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ खलाशी गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून गेले नाहीत, त्यांचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे. त्या १७६ जणांत कुणी इंजिनाशी होता, कुणी गॅलीत म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरात, कुणी नुकताच वॉच उतरून झोपायला गेला असेल. मला गर्व कशाचा असं कुणी विचारलं तर मी त्यांची आठवण काढतो. १५ ऑगस्टच्या भाषणात मला ते नीट सांगता येत नाही, कारण भाषणात गंज आणि वॉच यांना जागा नसते.

पायरी ११: चार वर्षं संपताना

तिसऱ्या वर्षातच पुढचं बघायला लागा. कायम होण्यासाठी नाव द्याच, पण मिळेलच असं धरून चालू नका. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत माजी अग्निवीरांसाठी राखीव जागा आहेत. मर्चंट नेव्हीत जायला नौदलाचा अनुभव उपयोगी पडतो आणि २०२२ मध्येच केंद्राने त्यासाठी वाटा जाहीर केल्या आहेत. त्यासाठी लागणारं खलाशाचं पुस्तक, म्हणजे सीडीसी, आणि प्रमाणपत्रं यांची चौकशी सेवेत असतानाच करा. यंत्राचं, विजेचं काम शिकलेल्याला चिंचोळी किंवा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतही कुणी परत पाठवत नाही.

सेवा निधीचे पैसे हातात येतील त्या महिन्यात तुम्हाला न ओळखणारे नातेवाईकही प्लॉट दाखवायला येतील. सहा महिने पैसे बँकेत मुदत ठेवीत ठेवा आणि "अडकलेत" म्हणून सांगा. आणि जहाज सोडताना कौशल्य प्रमाणपत्र, सेवेची नोंद आणि वैद्यकीय कागद यांच्या सही-शिक्क्याच्या प्रती हातात घेतल्याशिवाय गँगवे उतरू नका. मागाहून सोलापुरातून पत्रं लिहून ते मागवण्यात वर्ष जातं.